माजी सैनिकाला बोलू द्या

डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रातील शाळांच्या सूचनाफलकांवर दरवर्षीची परिपत्रके पुन्हा एकदा लागतात. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १६ डिसेंबर हा १९७१ च्या विजयाचा स्मरणदिन. करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी सेवानिवृत्त झाले म्हणून तो माजी सैनिक दिन, लगोलग दुसऱ्या दिवशी सेनादिन आणि त्यापाठोपाठ प्रजासत्ताक दिन. या दीड-पावणेदोन महिन्यांत गावोगावची तरुण मंडळे, पतसंस्था, ज्येष्ठ नागरिक संघ आणि शाळा-महाविद्यालये माजी सैनिकांचे सत्कार घडवून आणतात. वक्तृत्व, निबंध, चित्रकला, समूहगीत अशा स्पर्धा होतात. जुलैत कारगिल विजय दिनाच्या निमित्ताने हेच सारे पुन्हा एकवार घडते. समाजमनात सेनादलांविषयी असलेला आदर अशा रीतीने प्रकट होतो, ही गोष्ट निःसंशय समाधानाची आहे.

पूर्वी असे नव्हते, याचे स्मरण आजच्या तरुणांना करून दिले पाहिजे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ज्यांना वीरगती मिळाली, त्यांच्यावर बहुधा रणभूमीच्या परिसरातच अंत्यसंस्कार होत. गावात पोहोचायची ती केवळ तार, आणि काही दिवसांनी एखादी पत्र्याची ट्रंक. १९९९ च्या कारगिल युद्धाने हे चित्र पालटले. त्या युद्धात ५२७ जवान हुतात्मा झाले, त्यांची पार्थिवे तिरंग्यात लपेटून घरोघरी आली आणि दूरचित्रवाणीमुळे साऱ्या देशाने ती पाहिली. त्याच सुमारास, १९९८ साली, पुण्यात घोरपडीच्या रस्त्यावर नागरिकांच्या वर्गणीतून दक्षिण कमानीचे युद्धस्मारक उभे राहिले होते. सरकारने स्मारक बांधण्याची वाट न पाहता समाजाने स्वतः होऊन ते बांधले, हे त्या काळाचे एक शुभलक्षण म्हटले पाहिजे. पुढे सत्कारांची प्रथा वाढत गेली. आता तर सातारा, सांगली, कोल्हापूर आणि खानदेशातील कित्येक गावांत सेवापूर्ती करून परतणाऱ्या जवानाची फुलांनी सजवलेल्या जीपमधून मिरवणूक निघते, सुवासिनी औक्षण करतात. (त्या मिरवणुकीत डीजेचा दणदणाट नसता तर ती अधिक शोभली असती, एवढे मात्र नोंदवले पाहिजे.)

परंतु या समारंभांकडे थोडे जवळून पाहिले की एक गोष्ट मनाला खटकते. व्यासपीठावर मध्यभागी नगरसेवक किंवा आमदार, त्यांच्या दोन्ही बाजूंना संस्थेचे पदाधिकारी आणि कडेच्या खुर्च्यांवर, छातीवर पदके लावून बसलेले चार-पाच माजी सैनिक. निवेदक त्यांची नावे पुकारतो. शाल, श्रीफळ, छायाचित्र, टाळ्या. नंतर प्रमुख पाहुणे सीमेवरील जवानांच्या शौर्यावर अर्धा तास बोलतात. ज्यांनी ती सीमा राखली, त्यांना बोलण्यासाठी वेळ मिळाला तर तो 'प्रातिनिधिक मनोगत' या नावाखाली तीन मिनिटांचा. तेवढ्यात आभारप्रदर्शक उठून उभा राहिलेला असतो. चहा होतो आणि हवालदार किंवा सुभेदार पदावरून निवृत्त झालेला तो मनुष्य शाल पिशवीत घालून एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागतो. त्याची पलटण कोणती, त्याने कोणत्या आघाड्या पाहिल्या, हे सभागृहातील एकाही विद्यार्थ्याला कळलेले नसते.

यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नव्हे. आपल्याकडील सत्काराची एकूण रीतच अशी आहे, की सत्कारमूर्ती ही दर्शनाची वस्तू होते, श्रवणाची नव्हे. मात्र माजी सैनिकाच्या बाबतीत ही रीत फार महागात पडणारी आहे, कारण काळ थांबत नाही. १९७१ साली जो जवान वीस-बावीस वर्षांचा होता, तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९६५ चे सैनिक ऐंशीच्या पुढे गेले आणि १९६२ मध्ये नेफा व लडाखच्या बर्फात लढलेले आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच कोणाच्या गावात असतील. त्यांच्याजवळ जे आहे ते सेनादलाच्या अधिकृत इतिहासात नाही. तेथे पलटणींच्या हालचाली मिळतील, नकाशे मिळतील. पहिल्या रात्री खंदकात काय बोलणे झाले, शिधा संपल्यावर काय खाल्ले, शेजारच्या गड्याचे पत्र त्याच्या घरी कोणी पोहोचवले, हे त्या म्हाताऱ्याबरोबरच जाईल.

एक उदाहरण घ्यावे. डिसेंबर १९७१ मध्ये आजच्या बांगलादेशातील जमालपूर येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे सेनादलात 'जंगी पलटण' म्हणून ओळखली जाणारी तुकडी, शत्रूच्या पिछाडीस ठाण मांडून बसली होती. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी तेथील पाकिस्तानी बटालियनच्या प्रमुखाला शरणागतीचे आवाहन करणारे पत्र एका वृद्ध स्थानिक ग्रामस्थाच्या हाती धाडले. कर्नल सुलतान अहमदने उलट टपाली पत्र पाठवले आणि त्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळून दिली. त्यानंतर रात्रीच्या अंधारात त्याच्या सैनिकांनी कोंडी फोडून निसटण्याचा प्रयत्न केला तो नेमका मराठ्यांच्या मोर्चांवर. पहाटेपर्यंत तो प्रयत्न पुरता मोडून पडला होता. पलटणीच्या युद्धसन्मानांत 'जमालपूर' हे नाव कोरले गेले. त्या रात्री त्या मोर्चांत असलेली मुले सातारा, रत्नागिरी, बेळगाव, कोल्हापूर या भागांतली होती. त्यांतले जे हयात असतील ते आज आपल्याच गावात नातवंडांना शाळेत सोडायला जात असतील. ती शाळा मात्र त्याच आठवड्यात 'बांगलामुक्तीचा विजय' या विषयावर निबंधस्पर्धा घेते, आणि मुले मोबाइलवरून माहिती उतरवून काढतात.

युवकांच्या स्पर्धांचे दुखणे येथेच आहे. संख्येला तोटा नाही. केंद्राच्या संरक्षण व शिक्षण मंत्रालयांनी २०२१ साली 'वीरगाथा' हा उपक्रम सुरू केला. शौर्यपदकांच्या मानकऱ्यांवर विद्यार्थ्यांनी कविता, निबंध, चित्रे सादर करावीत असे त्याचे स्वरूप. पहिल्या वर्षी सुमारे ८ लाख विद्यार्थ्यांनी भाग घेतला. तिसऱ्या आवृत्तीत हा आकडा १ कोटी ३६ लाखांवर आणि चौथीत १ कोटी ७६ लाखांवर गेला. राष्ट्रीय पातळीवरील विजेत्यांना रोख पुरस्कार आणि प्रजासत्ताक दिनी दिल्लीत मान मिळतो. इतक्या मुलांनी परमवीरचक्राच्या मानकऱ्यांची नावे वाचली, ही लहान गोष्ट नाही. एकेकाळी पाठ्यपुस्तकांतून ही नावे जवळजवळ हद्दपारच झालेली होती.

तथापि कोणत्याही तालुक्यातल्या वक्तृत्वस्पर्धेला परीक्षक म्हणून बसणाऱ्याला विचारावे. दहापैकी आठ भाषणांत तेच शब्द, तोच चढा स्वर, त्याच जागी उगारलेली मूठ. 'रक्ताचा शेवटचा थेंब' प्रत्येकाने सांडलेला असतो. टाळ्या पडतात आणि पारितोषिकही बहुधा आवाज मोठा असणाऱ्याला मिळते. सैनिक आहे तो केवळ मरण्यासाठी, अशीच जणू या भाषणांची धारणा असते. ('शहीद' हा शब्द तर इतका रूढ झाला आहे की 'हुतात्मा' म्हणणारा विद्यार्थी ऐकला की कान सुखावतात.)

मेजर रामा राघोबा राणे यांच्याविषयी किती स्पर्धकांना सांगता येईल? कारवारजवळच्या चेंडिये गावचा हा सुपुत्र, बाँबे सॅपर्सचा अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांनी शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग काढले, पाडून टाकलेली झाडे दूर केली. रणगाड्याखालून सरपटत जात, दोरीच्या खुणेने चालकाला 'थांब', 'चल' असे सांगत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. जिवंतपणी परमवीरचक्र मिळवणाऱ्या पहिल्या वीरांपैकी ते एक. जुलै १९९४ मध्ये त्यांचे पुण्यात देहावसान झाले. म्हणजे कित्येक वर्षे हा महापराक्रमी पुरुष आपल्यातच वावरत होता. पुण्यातल्या किती शाळांनी त्यांना वर्गात बोलावून, फळ्यासमोर उभे करून, 'सुरुंग कसा ओळखतात ते सांगा' असे विचारले असेल? त्यांच्या कथेत आरोळी नाही, चिकाटी आहे. म्हणून ती वक्तृत्वाला सोयीची वाटत नसावी.

मुरलीकांत पेटकर यांचेही तसेच. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक स्पर्धेत पन्नास मीटर जलतरणात त्याने भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनंतर. आजच्या बहुसंख्य तरुणांना ते नाव ठाऊक झाले ते २०२४ मधल्या एका हिंदी चित्रपटामुळे. चित्रपट निघाला हे उत्तमच झाले. परंतु ज्या माणसाची कथा सांगायला मुंबईच्या चित्रपटसृष्टीला यावे लागले, तो पुण्याच्या शाळांना हाकेच्या अंतरावर होता. खडकीला अपंग जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तर पहिल्या महायुद्धाच्या काळापासून, १९१७ पासून, जायबंदी सैनिकांना हातातली कला शिकवत आली आहे. पुण्यातल्या मुलांच्या सहली पाण्याच्या खेळांच्या उद्यानात जातात.

आणखी एक अडचण अशी की आपल्या समारंभांना केवळ विजयाचे दिवस ठाऊक आहेत. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेतील अकराशेहून अधिक जवान परत आले नाहीत. जे आले, त्यांचे मद्रासच्या बंदरावर स्वागत करण्यास तमिळनाडूच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी नकार दिला होता. त्याच मोहिमेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मुंबईत जन्मलेला हा अधिकारी महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचा. तमिळ घरातला मुंबईकर, महार रेजिमेंटच्या जवानांचे नेतृत्व करीत परभूमीवर देह ठेवतो. समरसतेवर भाषणे देणाऱ्यांनी हे एक चरित्र पुढ्यात ठेवले तरी पुरे. शांतिसेनेतले जवान आज साठीच्या आत-बाहेर आहेत. त्यांच्यासाठी गावात ठरलेला दिवस नाही, त्यामुळे त्यांना कोणी बोलावीतही नाही. आणि बोलावलेच तर त्यांच्याकडून जयघोषाची अपेक्षा धरू नये. काही माणसे त्या दिवसांविषयी गप्पच राहतील. त्या गप्प राहण्याचाही मान ठेवावा लागतो.

सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागतो. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या घरटी कोणी ना कोणी सेनादलात जात आले आहे. शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी हीदेखील तशीच. अशा गावांत सत्काराचे फलक क्वचितच लागतात, तरीही तेथले पोर भरतीच्या तयारीसाठी पहाटे धावायला निघते, कारण पारावर बसलेल्या आजोबांचे बोलणे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. जे तेथे आपोआप घडते ते शहरातल्या सदनिकांत आणि मध्यमवर्गीय वसाहतींत मुद्दाम घडवावे लागेल. जिन्यात रोज भेटणारे 'वरच्या मजल्यावरचे काका' वायुदलात तीस वर्षे तंत्रज्ञ होते, हे त्याच इमारतीतल्या मुलांना ठाऊक नसते.

शिरोळ तालुक्याचा उल्लेख आलाच आहे, तर त्याच तालुक्यातील हेरवाड गावाविषयीही लिहिले पाहिजे. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की गावात पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे हे प्रकार बंद करावेत. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. माजी सैनिकांच्या सन्मानाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. २६ जानेवारीला ज्या वीरपत्नीला व्यासपीठावर बोलावून साडी-चोळी देतात आणि जिच्या धैर्याला सारी सभा उभी राहून मानवंदना देते, तिलाच संक्रांत ते रथसप्तमीच्या त्याच दिवसांत शेजारच्या घरच्या हळदीकुंकवाचे बोलावणे जात नाही. नवरा देशासाठी गेला म्हणून सभेत ती वंदनीय, आणि नवरा गेला म्हणून घरात ती अपशकुनी. हे दुटप्पी वर्तन बाहेरचे कोणी लादलेले नाही, ते आपलेच आहे आणि आपल्यालाच टाकावे लागेल. कुपवाड्यात नोव्हेंबर २०१५ मध्ये हुतात्मा झालेले कर्नल संतोष महाडिक हे साताऱ्याचे. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी २०१७ साली स्वतः सेनादलाची वर्दी अंगावर चढवली. त्यांच्यावर निबंध लिहिणाऱ्या मुलींनी आपल्या आईला एवढेच विचारावे, की यंदा आपल्या घरच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या कोणकोणाला बोलावले आहे.

सन्मानाचा आणखी एक अंग आहे, आणि तो कोणत्याही छायाचित्रात येत नाही. सेनादलातला शिपाई म्हातारा होऊन निवृत्त होत नाही. चाळिशीच्या आत-बाहेर, मुले शाळेत असताना तो घरी परततो, आणि पुष्कळदा एखाद्या बँकेच्या वा कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून पुन्हा उभा राहतो. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी परतणारे तरुण तर पंचविशीच्या आसपासचे असणार. त्यांना 'माजी' म्हणताना जीभ अडखळेल. त्यांचा सत्कार करण्याऐवजी त्यांना कामावर घेणारा उद्योजक सभेत उभा राहिला तर तोच खरा सत्कार. वृद्ध निवृत्तांची गोष्ट निराळी. निवृत्तिवेतनाची व्यवस्था आता संगणकावर गेली आहे. वर्षातून एकदा हयातीचा दाखला संगणकीय पद्धतीने द्यावा लागतो, आधारवरचे नाव आणि सेवापुस्तिकेतले नाव यांत एका अक्षराचा फरक पडला की खेपा सुरू होतात. अंगठ्याच्या रेषा पुसट झालेल्या आजोबांना यंत्र ओळखत नाही. माजी सैनिकांना घरपट्टीतून सूट देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० साली घेतला. आपल्या वस्तीतले सारे पात्र लोक, विशेषतः एकट्या राहणाऱ्या सैनिक-विधवा, तिचा लाभ घेतात का, हे कोणी जाऊन पाहिले आहे? महाविद्यालयीन तरुणांच्या एका गटाला हे काम दोन रविवारांत उरकता येईल. ध्वजदिनाच्या निधीचेही तसेच आहे. उद्दिष्ट ठरते, शाळांकडे कागदी ध्वज येतात, मुले घरून पैसे आणतात आणि ध्वज दप्तरात चुरगळून जातो. तो पैसा कोणाच्या घरी, कशासाठी पोहोचतो, हे सांगायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील एखादा अधिकारी शाळेत आला, तर दुसऱ्या वर्षी मूल अधिक विचारपूर्वक पैसे देईल.

यास्तव स्पर्धा बंद कराव्यात असे नव्हे, त्यांचे नियम बदलावेत. जो विद्यार्थी आपल्या गावातील वा वस्तीतील एका माजी सैनिकाला किंवा वीरपत्नीला निदान तीनदा भेटून त्याचे कथन लिहून आणील, त्यालाच निबंधस्पर्धेत प्रवेश द्यावा. लेखनात पलटणीचे नाव, नेमणुकीची ठिकाणे आणि साल ही अचूक असावीत, त्यांना गुण असावेत. अलंकारिक भाषेला नसावेत. सैनिकाने जे सांगायचे नाही असे ठरवले असेल ते वगळावे. परीक्षक म्हणून प्राध्यापकांच्या जोडीला एक निवृत्त सुभेदार बसवावा. दिवाळीतल्या किल्ल्यांच्या स्पर्धेलाही असाच परीक्षक न्यावा. मुलांनी मावळे कुठे मांडले, चौक्या कुठे ठेवल्या, पाण्याचे टाके कुठे आहे, हे तो अशा नजरेने पाहील की मुले पुढल्या वर्षी रंगापेक्षा रचनेचा विचार करतील. आणि बक्षीससमारंभात पाहुण्यांचे भाषण तीन मिनिटांचे ठेवून उरलेला वेळ त्या सैनिकाला द्यावा. तो कदाचित अडखळेल, मध्येच हिंदीत बोलेल, तारखा विसरेल. श्रोत्यांनी थोडा धीर धरावा.

माजी सैनिक दिन बहुधा संक्रांतीच्या दिवशीच येतो. तिळगूळ घेऊन घरोघर जाण्याचा तो दिवस असतो, त्यामुळे निमंत्रणपत्रिका, मंडप, ध्वनिक्षेपक यांतले काहीच लागणार नाही. प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्यांनी डिसेंबरातच आपल्या भागातील सैनिक-कुटुंबांची यादी करावी, दोन-दोन मुलांची जोडी एकेका घरी नेमून द्यावी आणि सोबत एक कोरी वही द्यावी. वही भरली की तिच्या तीन प्रती काढाव्यात: एक शाळेच्या ग्रंथालयात, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि एक त्या सैनिकाच्या स्वतःच्या घरी.